मुरूम, प्रतिजैविक मलम आणि बारा आठवडे

न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख छापण्याचा आपला प्रघात आहे. या वर्षी त्वचारोग विभागाने मुरुमांचा विषय सुचविला, तेव्हा विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी हसत हसत, परंतु मनापासून विचारले, "डॉक्टर, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे दात्यांचा पैसा पोरांच्या पुटकुळ्यांवर खर्च करायचा का?" प्रश्न रास्त आहे. देणगीदारांच्या मनातही तो येणे स्वाभाविक आहे. बैठकीत त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही, म्हणून हा लेख.

या प्रश्नामागची भावना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तरुण वयात तोंडावर उठणाऱ्या या पुळ्यांना 'मुखदूषिका' असे नाव असून त्यांना शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे वेगळे सांगावयास नको. परंतु त्याच ग्रंथात हा विकार क्षुद्ररोगांच्या गटात मोडतो. जिवाला धोका नाही या अर्थाने तो क्षुद्र खराच. मात्र संख्येने तो मुळीच क्षुद्र नाही. २०१० सालच्या स्थितीवरून जगभरातील आजारांची जी मोठी मोजदाद झाली, तीत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांमध्ये मुरुमांचा क्रमांक आठवा लागला. जगातील सुमारे ९.४ टक्के लोकांना तो होता. आणि ज्याच्या तोंडावर तो आहे त्याच्या लेखी तर तो कधीच किरकोळ नसतो.

एक चेहरा वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. तो कोणा एकीचा नाही, आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकींचा मिळून झालेला आहे. परंडा किंवा भूम भागातून सकाळच्या एस.टी.ने आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली; खोलीत येऊन दार लावल्याखेरीज ती सोडत नाही. आईच्या हातात एक पिशवी आणि पिशवीत चार-पाच अर्धवट पिळलेल्या नळ्या. एक नळी क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाची. औषधाच्या दुकानातून आणलेली आणि आठ महिने लावत असलेली. पहिला दीड महिना गुण आला, पुढे येईनासा झाला. दुसरी नळी 'उजळ होण्याची', शेजारणीने दिलेली. तिसरीवरचे नाव पुसून गेलेले. कॉलेजला जाणे मुलीने कमी केले आहे. आई म्हणते, "मॅडम, पुढल्या महिन्यात पाहुणे बघायला यायलेत. तवर पोरीचं तोंड नीट झालं पाहिजे."

पाहुणे एका महिन्यात येणार आणि औषधाला तीन महिने लागणार, ही या आजारातील खरी अडचण होय. बहुतेक चुका या दोन महिन्यांच्या तफावतीत होतात.

आता मुरूम होतो कसा ते पाहू. आपल्या त्वचेतील केसाच्या प्रत्येक छिद्रात एक स्निग्ध ग्रंथी उघडते. चेहरा, छाती आणि पाठ येथे या ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात. वयात येताना मुलगा व मुलगी या दोहोंच्याही शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी जास्त तेल स्रवू लागतात. त्याच सुमारास छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी नीट गळून न पडता चिकटून राहतात व तेथे बूच बसते. हे बूच उघडे राहिले तर त्याचे टोक काळे दिसते. हा काळेपणा मळाचा नसून त्वचेतील रंगद्रव्याचा असतो, त्यामुळे साबणाने कितीही घासले तरी तो जात नाही. बूच झाकलेले राहिले तर पांढरा दाणा दिसतो. येथपर्यंत वेदना नसते, लालीही नसते.

या बंद छिद्रात, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू वाढतो. २०१६ पूर्वीच्या पुस्तकांत त्याचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस असे आढळेल, जंतू तोच. तो बाहेरून आलेला शत्रू नव्हे. निरोगी माणसाच्या त्वचेवरही तो असतोच, आणि म्हणून मुरूम हा एकाकडून दुसऱ्याला लागणारा रोग नाही. घरात मुरूम असलेल्या मुलाचे ताट किंवा अंथरूण वेगळे करण्याचे काही कारण नाही. परंतु तेलाने भरलेल्या, बूच लागलेल्या छिद्रात हा जंतू प्रमाणाबाहेर वाढला, की शरीराची संरक्षक यंत्रणा त्याच्यावर चाल करून येते. पांढऱ्या पेशी जमतात, जागा लाल होते, दुखते, पू धरते. यालाच दाहयुक्त मुरूम म्हणतात. दाह खोलवर गेला की त्वचेचा आधार असलेले तंतू नष्ट होतात आणि तेथे कायमचा खड्डा पडतो. आपल्याकडील गव्हाळ व सावळ्या त्वचेवर तर साधा मुरूम बसल्यानंतरही काळसर डाग कित्येक महिने राहतो. रुग्ण पुष्कळदा मुरुमापेक्षा या डागानेच अधिक खचलेला असतो.

वरील साखळीत चार कड्या आहेत : तेल, बूच, जंतू आणि दाह. प्रतिजैविक मलम यांपैकी फक्त शेवटच्या दोहोंवर काम करते. परसातील मोरी तुंबलेली ठेवून नुसती डासांची फवारणी करीत राहावे, तसा एकट्या प्रतिजैविकाचा उपचार असतो. डास चार दिवस कमी होतात, मोरी तशीच राहते, आणि कालांतराने फवारणीला न जुमानणारे डास तेवढे उरतात.

ही उपमा केवळ समजुतीसाठी दिलेली नाही. जगात प्रत्यक्ष असेच घडले. एरिथ्रोमायसिन हे औषध १९५२ साली बाजारात आले. अमेरिकेतील लिंकन या गावच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून लिंकोमायसिन मिळाले आणि १९६०च्या दशकात त्यात रासायनिक बदल करून क्लिंडामायसिन तयार झाले. पुढे ही दोन्ही औषधे मुरुमांवर थेट त्वचेला लावण्याची पद्धत रूढ झाली. पोटात गोळी नाही, आग नाही, सोलपटे नाहीत आणि दोन-तीन आठवड्यांत लाली कमी. रुग्ण खूश आणि डॉक्टरही खूश. ही दोन्ही प्रतिजैविके जंतूच्या पेशीतील प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेच्या एकाच भागावर जाऊन बसतात आणि तिचे काम थांबवितात. त्यामुळे त्या भागात किंचित बदल झालेला जंतू एकाच वेळी दोन्ही औषधांना दाद देईनासा होतो. अशा जंतूंची पहिली नोंद १९७९ साली झाली. इंग्लंडमधील लीड्स येथील त्वचारोग केंद्राने वर्षानुवर्षे मोजदाद ठेवली. १९९१ साली तेथील ३४.५ टक्के मुरूमरुग्णांच्या त्वचेवर औषधांना न जुमानणारे जंतू होते. १९९७ साली हे प्रमाण ६४ टक्क्यांवर गेले. अवघ्या सहा वर्षांत! भारतातही, दिल्लीतील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन यांना दाद न देणारे जंतू बहुसंख्य नमुन्यांत आढळले.

रुग्णांच्या कुटुंबीयांनी यापुढची गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. युरोपातील काही देशांत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुरूमरुग्णांबरोबर त्यांच्या निकटच्या, स्वतः कोणताही उपचार न घेतलेल्या माणसांच्या त्वचेचीही तपासणी करण्यात आली. हंगेरीत अशा ४१ टक्के आणि स्पेनमध्ये ८६ टक्के व्यक्तींच्या अंगावर औषधांना न जुमानणारे हे जंतू सापडले. मुरूम लागत नाही. पण मुरुमावर चुकीच्या रीतीने वापरलेल्या औषधाने तयार झालेला हट्टी जंतू घरभर फिरतो. शिवाय चेहऱ्यावर एकच जंतू राहत नाही. नाकाजवळ, गालावर राहणारे इतर जंतूही तेच मलम रोज चाखतात आणि तेही शिकतात. उद्या घरात कोणाला जखम चिघळली, गळू झाले, तर हीच प्रतिजैविके तेथे लागणार आहेत. एका मुलीच्या पुटकुळ्यांवर आठ महिने चोळलेली नळी ही त्या घराची आणि गावाची बाब होते ती अशी.

मग प्रतिजैविक मलम वापरूच नये का? तसे नाही. दाह लवकर शमविण्यात त्याचा उपयोग निश्चित आहे, आणि दाह जितका लवकर शमेल तितका खड्ड्यांचा धोका कमी. क्लिंडामायसिन जंतू मारण्याखेरीज दाह थोडा कमी करण्याचेही काम करते. जंतू दाद देत नसतानाही काही रुग्णांना गुण येतो, त्याचे हे एक कारण असावे. प्रश्न वापराच्या रीतीचा आहे. आज जगभरातील मार्गदर्शक सूचना याबाबत एकमुखी आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२१ साली आणि अमेरिकेच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या सूचनांचा रोख असा, की मुरुमांवर प्रतिजैविक मलम एकटे कधीही देऊ नये. त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइड वर्गातील औषध हवे. ब्रिटनच्या सूचनांत पहिल्या उपचाराचा काळ बारा आठवडे धरलेला आहे.

बेंझॉइल पेरॉक्साइड हे जुने, साधे आणि काहीसे उपेक्षित औषध आहे. ते प्रतिजैविक नव्हे. त्वचेवर ते प्राणवायू मोकळा करते, आणि हवा नको असणाऱ्या या जंतूला तो सहन होत नाही. इतक्या दशकांच्या वापरानंतरही जंतूला त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविता आलेली नाही. क्लिंडामायसिनच्या जोडीला ते असले म्हणजे हट्टी जंतूही त्यातून सुटत नाहीत. रेटिनॉइड वर्गातील ॲडापॅलीन हे छिद्राचे बूच उघडते, म्हणजे मोरी मोकळी करते. अशा रीतीने चारपैकी तीन कड्यांवर घाव बसतो. राहिली तेलाची कडी. तिच्यावर परिणाम करणारी औषधे पोटातून घ्यावयाची आहेत व ती सर्वांना लागत नाहीत.

आमच्याकडील रीत अशी, की नुसती काळी-पांढरी टोके असतील तर प्रतिजैविक मुळीच देत नाही. रात्री ॲडापॅलीन पुरते. लाल, दुखऱ्या पुळ्या असतील तर क्लिंडामायसिन व बेंझॉइल पेरॉक्साइड यांची जोडी आणि रात्री ॲडापॅलीन. साधारण बारा आठवड्यांनी प्रतिजैविक बंद होते. चेहरा स्वच्छ झाला तरी बंद, आणि न झाला तरी बंद; कारण गुण आला नसेल तर तेच औषध पुढे ओढण्यात अर्थ नसतो, दिशा बदलावी लागते. पुढे मुरूम परत येऊ नयेत म्हणून ॲडापॅलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड काही महिने चालू राहते. 'थोडेसे उरले आहे, तेवढी नळी संपवू' हा काटकसरीचा विचार आपल्या घरांत फार. येथे मात्र तो नको.

आता या उपचारातील सर्वांत नाजूक भाग. हा उपचार बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुटतो. ॲडापॅलीन व बेंझॉइल पेरॉक्साइड यांनी सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, पापुद्रे निघतात. क्वचित मुरूम थोडे वाढल्यासारखेही दिसतात. घरातील मंडळी म्हणतात, औषध बाधले. मुलगी नळी बाजूला ठेवते आणि पुन्हा दुकान गाठते. म्हणून पहिल्याच भेटीत आम्ही औषधापेक्षा या पंधरवड्याविषयी अधिक बोलतो. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावावे. संपूर्ण चेहऱ्याला हरभऱ्याच्या एका दाण्याएवढे मलम पुरते. अधिक लावल्याने गुण लवकर येत नाही, आग तेवढी अधिक होते. ते पुळीपुरते टिपून न लावता मुरूम येणाऱ्या सर्व भागावर पातळ पसरावे, कारण उद्या दिसणारा मुरूम आज डोळ्यांना न दिसणाऱ्या बुचात बसलेला असतो. डोळ्यांच्या कडा, ओठ व नाकाचे कोपरे सोडावेत. आणि बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो. उशीचा अभ्रा, टॉवेल, ओढणी यांवर फिकट डाग पडतात. हे आधी न सांगितल्यामुळे, 'कापडाचे असे होते तर कातडीचे काय होईल' या धास्तीने औषध सोडलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्वचेचा रंग असा उडत नाही, एवढे येथे नमूद करतो.

क्लिंडामायसिन लावत असताना वारंवार जुलाब सुरू झाल्यास, विशेषतः रक्त पडल्यास, औषध थांबवून ताबडतोब दाखवावे. असे फार क्वचित घडते. लग्न ठरलेल्या मुलीने तसे मोकळेपणाने सांगावे, कारण गरोदरपणात रेटिनॉइड वर्गातील मलमे टाळावयाची असतात व तेव्हा औषधांची जोडी बदलावी लागते.

आता पिशवीतील दुसऱ्या नळीविषयी. चेहरा उजळ करण्याच्या नावाखाली खेडोपाडी जी मलमे हातोहात फिरतात, त्यांतील कित्येकांत स्टेरॉइड असते. त्याने लाली चार दिवसांत बसते, चेहरा तुकतुकीत दिसतो आणि पाहुण्यांचा दिवस साजरा होतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, तोंडावर लव वाढते आणि मुरूम दुप्पट जोराने येतात. मलम थांबविले की आग होते, म्हणून ते थांबविताही येत नाही. देशातील निरनिराळ्या केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या विकारासाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, स्टेरॉइडयुक्त मलम वापरत होते, आणि त्यांतील सुमारे एकचतुर्थांश लोकांनी ते मुरुमांसाठीच लावले होते. ज्या मलमाने मुरूम वाढतात तेच मुरुमांवर! पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला आणि २०१८ साली केंद्र शासनाने १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली. नियम झाला हे चांगलेच झाले. तथापि चिठ्ठीशिवाय मिळालेल्या नळ्या आमच्या टेबलावर अजूनही येतात. यात सगळा दोष दुकानदाराला देऊन चालणार नाही. तज्ज्ञाकडे जावयाचे म्हणजे सोलापूर किंवा लातूरचा हेलपाटा, एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. दुकान मात्र वेशीवरच असते.

मुलांचे प्रश्न थोडे निराळे आहेत. पोलीस भरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले अंग भरण्यासाठी तालमीत कोणीतरी दिलेली इंजेक्शने वा गोळ्या घेतात. त्यांत पुरुषी संप्रेरके असली तर छाती व पाठ मोठमोठ्या मुरुमांनी भरून जाते. अशा वेळी कोणतेही मलम कामाचे नाही. आधी ते इंजेक्शन बंद झाले पाहिजे. मुले हे आईवडिलांसमोर सांगत नाहीत, म्हणून त्यांना दोन मिनिटे एकटे भेटावे लागते.

आपल्या भागाच्या चालीरीतींचाही येथे विचार करावा लागतो. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात कपाळी कुंकू लावू नको असे कोणी सांगणार नाही आणि सांगण्याची आवश्यकताही नाही. परंतु यात्रेत भरलेला मळवट घरी आल्यावर रात्री हळुवार धुऊन टाकावा, कुंकवाखालचे मेण त्याच जागी वर्षानुवर्षे साठू देऊ नये, आणि केसांचे तेल कपाळावर ओघळू देऊ नये. कपाळाच्या वरच्या कडेला दाटीने येणारे बारीक मुरूम पुष्कळदा या तेलाचेच असतात. तेल लावणे थोडे कमी करताच ते ओसरतात.

पाण्याविषयी एक गैरसमज आहे. 'टँकरचे पाणी, तोंड धुणार कितीदा?' असे माताभगिनी विचारतात. दिवसातून दोनदा, सौम्य साबणाने, न घासता. एवढेच पुरे, अधिक धुण्याने त्वचा कोरडी पडून औषध सोसेनासे होते. मुरूम घाणीमुळे होत नाहीत, हे सांगितल्यावर कित्येक मुलींच्या तोंडावरचा अपराधी भाव नाहीसा होतो. लिंबू, टूथपेस्ट, चुना यांनी त्वचा भाजते व डाग गडद होतो. 'अंगातील उष्णता' आणि 'रक्त बिघडणे' यांवर पिढ्यान्‌पिढ्या उपाय चालले आहेत, त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. पोटात काय घेतले जात आहे एवढे मात्र आम्हाला दाखवावे. आहाराबाबत सांगावयाचे तर गोड पदार्थ, मैदा व शीतपेये यांचा मुरुमांशी काही संबंध असल्याचे पुरावे आहेत. ज्वारीची भाकरी व डाळ खाणाऱ्याने चिंता करू नये. 'लग्न झाले की जातात' याला काही आधार नाही. वयाबरोबर पुष्कळांचे जातात. खड्डे मात्र जात नाहीत.

मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी असतील तर मलमावर वेळ दवडू नये. तेथे पोटातून डॉक्सिसायक्लिन, तेही मर्यादित काळ, किंवा आयसोट्रेटिनॉइन लागते. आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते, त्यामुळे स्त्री रुग्णांना ते अत्यंत दक्षतेने द्यावे लागते. मासिक पाळी अनियमित असून चेहऱ्यावर राठ केस येत असतील तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक असते.

राहिला प्रश्न पैशाचा. बारा आठवड्यांचा उपचार कागदावर लिहिणे सोपे आहे. परंतु भूम, वाशी, कळंब या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ऑक्टोबरात पहिली नळी नेलेली मुलगी दुसरी नळी घ्यायला एप्रिलमध्ये येते. मधल्या काळात फडाजवळच्या दुकानातून मिळेल ते लावलेले असते. त्यामुळे अशा रुग्णांना आम्ही एकाच भेटीत पूर्ण बारा आठवड्यांचे औषध देतो व कोणती नळी कोणत्या दिवशी बंद करावयाची ते कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देतो. मुकादमाकडून उचल घेऊन निघालेल्या कुटुंबाला औषधाचीही उचल द्यावी लागते, असे आमच्या परिचारिका म्हणतात. त्वचारोग विभागास मिळालेल्या देणग्यांतून मुरुमांवर जो खर्च होतो, तो मुख्यतः या एकगठ्ठा नळ्यांवर होतो. अर्धवट उपचारासाठी दिलेली एक नळी स्वस्त दिसते, परंतु ती न दिलेली बरी.

नळ्या फडावरच्या कोपीत किंवा पत्र्याच्या घरात राहणार आहेत, याचेही भान ठेवावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. बेंझॉइल पेरॉक्साइड उष्णतेत विघटन पावते व त्यातून बेंझिन हे घातक द्रव्य तयार होऊ शकते, अशी चर्चा २०२४ साली अमेरिकेत झाली. तेथील औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासली. त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझिन मुळीच नव्हते किंवा नगण्य होते, आणि मार्च २०२५ मध्ये मोजकीच उत्पादने बाजारातून परत घेण्यात आली. तेव्हा घाबरून औषध सोडण्याचे कारण नाही. नळी चुलीजवळ, पत्र्याखालच्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. पाण्याच्या माठाजवळच्या गार, सावलीच्या कोपऱ्यात ठेवावी, नळीवर छापलेल्या सूचना पाळाव्यात आणि मुदत संपलेली नळी टाकून द्यावी.

त्या मुलीच्या आईला आम्ही काय सांगितले, असे वाचक विचारतील. एका महिन्यात लाली कमी होईल, डाग राहतील, पाहुण्यांना डाग दिसतील, असे स्पष्ट सांगितले. पहिल्या महिन्यात मुलीला पंधरा दिवसांनी एकदा येऊन जाण्यास सांगितले, कारण औषध सुटण्याचा धोका तेव्हाच असतो. आई काही बोलली नाही. पिशवीतल्या नळ्या मात्र तिने टेबलावर ओतल्या आणि विचारले, "ह्यातली कंची ठेवू, मॅडम?"

येणाऱ्या प्रत्येक रुग्णाने व पालकाने हेच करावे, अशी विभागाची विनंती आहे. घरात असलेल्या सर्व नळ्या, रिकाम्या व भरलेल्या, स्वतःच्या आणि शेजारणीने दिलेल्या, पहिल्या भेटीला सोबत आणाव्यात. नाव पुसलेली असली तरी आणावी.